हायब्रिड गाडी अचानक मुकी झाली तर?



विहिरीवरचा पंप बंद पडला की आपण काय करतो? आधी मीटरपाशी जाऊन तिन्ही फेज आहेत का ते पाहतो. मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तरच मोटर वर काढायचा विचार करतो. कारण मोटर वर काढायची म्हणजे चार माणसे, एक दिवस आणि खिशाला मोठी चाट. सोप्याकडून अवघडाकडे आणि स्वस्ताकडून महागाकडे जायचे, ही रीत आपल्याला कोणी शाळेत शिकवलेली नाही. गरजेने शिकवली आहे.

हायब्रिड मोटारगाडी बंद पडली की मात्र हीच रीत आपण विसरतो. गाडी नवी, तिचे पोट बंद, आत काय आहे ते दिसत नाही. मग कोणीतरी जाणकार पुढे होतो आणि सांगतो, "मोठी बॅटरी गेली." तिचा आकडा ऐकला की घरातल्या माणसांना बैलजोडी आठवते. पुष्कळदा दोष असतो काही हजारांच्या लहान बॅटरीत, एखाद्या सैल टर्मिनलमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तेव्हा या वेळी या गाडीचा दोष कसा शोधावा, आपण स्वतः कुठपर्यंत जावे आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे पाहू.

आधी गाडीची जात ओळखा

"हायब्रीड" म्हटले की आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ज्वारी आठवते. दोन वाणांचा संकर करून ते बियाणे आले. गाडीतही संकरच आहे, पण तो पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांचा. जपानच्या टोयोटा कंपनीने डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रायस' ही गाडी बाजारात आणली आणि तेव्हापासून ही जात जगभर पसरली. आपल्याकडे २०२२ साली मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर आणि होंडाची सिटी या गाड्या हायब्रिड रूपात आल्या आणि मग ही यंत्रे तालुक्याच्या गावांतूनही दिसू लागली.

यात दोन पोटजाती आहेत. एकीला माइल्ड हायब्रिड म्हणतात. तिच्यात इंजिनच चाके ओढते आणि पट्ट्यावर बसवलेली लहान मोटर त्याला थोडा हात देते. या गाड्यांत वीज साधारण १२ व्होल्टची असते, काहींत ४८ व्होल्टची. तिचा दोष शोधणे नेहमीच्या गाडीसारखेच असते. दुसरी स्ट्राँग हायब्रिड. तिच्यात विजेची मोटर एकटीसुद्धा गाडी ओढू शकते आणि त्यासाठी मोठ्या दाबाची बॅटरी असते. प्रायसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत ही बॅटरी २०१.६ व्होल्टची होती. आत १६८ सेल, प्रत्येक १.२ व्होल्टचा, गुणाकार करून पाहा. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग जातीत ती १७७.६ व्होल्टची लिथियम बॅटरी आहे. पुढचे सगळे विवेचन या दुसऱ्या जातीबद्दल आहे. आपली गाडी कोणती, हे खरेदीच्या कागदावर आणि गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते आजच पाहून ठेवावे.

मोठी बॅटरी भरलेली, तरी गाडी हलेना

स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन. एक मोठी, गाडी ओढणारी. दुसरी लहान, १२ व्होल्टची, नेहमीच्या गाडीत असते तशी. नवख्या माणसाला वाटते, एवढी मोठी बॅटरी असताना लहानीचे काय काम?

पंपाचा स्टार्टर डोळ्यांपुढे आणा. थ्री फेज वीज दारात उभी असते. पण स्टार्टरमधली कॉइल ओढली नाही, तर पट्ट्या टेकत नाहीत आणि पंप फिरत नाही. हायब्रिड गाडीतही अगदी तसेच आहे. मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी रिले बसवलेले असतात. गाडी बंद असली की ते उघडे, म्हणजे मोठी वीज बॅटरीच्या पेटीतच कोंडलेली. बटण दाबले की लहान बॅटरी गाडीतले संगणक जागे करते, ते सगळे ठीक आहे का ते तपासतात आणि मग लहान बॅटरीच्याच विजेवर ते रिले ओढले जातात. पुढे काट्यांच्या फळ्यावर 'रेडी' असा दिवा लागतो. लहान बॅटरी उतरली असेल तर रिले ओढणार कोण? कोठार धान्याने भरलेले आणि कुलपाची किल्ली हरवलेली, अशी गत होते.

आता दुसरी गोष्ट. नेहमीच्या गाडीत लहान बॅटरी भरायला अल्टरनेटर असतो. प्रायससारख्या गाडीत तो नाही. तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाची पेटी असते. शेताच्या बांधावरचा डीपी जसा वरच्या तारेचा मोठा दाब उतरवून आपल्याला पंपाजोगा देतो, तशी ही पेटी मोठ्या बॅटरीची वीज उतरवून साधारण १४ व्होल्टवर आणते आणि लहान बॅटरी भरते. दिवे, वायपर, संगणक, सगळ्यांना तीच पोसते. म्हणजे लहान बॅटरी मोठीला जागे करते आणि मोठी लहानीला पोसते. या फेऱ्यात कुठेही खंड पडला की गाडी मुकी होते. तो खंड कुठे पडला हे शोधणे, हेच निदान.

घरी मुकी झाली की रस्त्यात?

वैद्य जसा आधी विचारतो, "ताप केव्हापासून?", तसा पहिला प्रश्न हा. गाडी उभी असताना मुकी झाली की चालता चालता? या एका उत्तराने अर्धे निदान होते.

काल संध्याकाळी चांगली होती, सकाळी बटण दाबले तर दिवे मिणमिणले, टिक-टिक आवाज आला किंवा काहीच झाले नाही. अशा वेळी पहिला संशय लहान बॅटरीवर. रात्री आतला दिवा राहिला असेल, गाडी तीन आठवडे उभी असेल, किंवा बॅटरीचे वय झाले असेल. या गाड्यांतले काही संगणक आणि बिनकिल्लीचे कुलूप गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज पीत असतात. काही वेळा दोष त्याहून किरकोळ निघतो. खिशातल्या किल्लीतला बटणासारखा सेल संपलेला असतो. पुष्कळ गाड्यांत तीच किल्ली चालू करायच्या बटणाला टेकवून, ब्रेक दाबून बटण दाबले की गाडी तिला ओळखते. पुस्तिकेत ही युक्ती दिलेली असते.

चालता चालता बंद पडली, तर विचार वेगळा करावा. गाडी 'रेडी' असताना सगळ्यांना कन्व्हर्टर पोसत असतो, त्यामुळे लहान बॅटरी नुसती अशक्त असली तरी ती सहसा रस्त्यात दगा देत नाही. रस्त्यात थांबणाऱ्या गाडीत कन्व्हर्टर, इन्व्हर्टर, तो गार ठेवणारा पाण्याचा पंप, मोठी बॅटरी, सैल टर्मिनल किंवा वायरिंग यांपैकी काहीतरी असते. आणि एक साधे कारण तर कोणाच्या ध्यानातच येत नाही: पेट्रोल संपले! टाकी कोरडी पडली तरी ही गाडी बॅटरीवर थोडी पुढे जाते आणि मग दिवे लावून थांबते. बघणाऱ्याला वाटते विजेचा बिघाड. तेव्हा आधी पेट्रोलचा काटा पाहा.

पहिली पाच मिनिटे

गाडी चालत असताना वीज गेली तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक जास्त जोराने दाबावा लागतो. पण ब्रेक जात नाही, हे घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याने लक्षात ठेवावे. घाबरून चालत्या गाडीत बटण दाबत बसू नये. गाडी डाव्या बाजूला घ्यावी, चारी बाजूंचे दिवे लावावेत, लाल त्रिकोण मागे ठेवावा, लेकराबाळांना रस्त्यापासून दूर उभे करावे. लहान बॅटरी अगदीच उतरली असेल तर काही गाड्यांत पार्किंगचा खटका बसत नाही. म्हणून हातब्रेक ओढावा आणि चाकाला दगड लावावा.

मग काट्यांच्या फळ्याचा मोबाइलवर फोटो काढावा. कोणते दिवे लागले, काय अक्षरे आली, सगळे. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की काही दिवे निघून जातात आणि पुरावा हरवतो. शेवटी कोणता आवाज आला, वास आला का, पाऊस होता का, चढ होता का, हेही लिहून ठेवा. गॅरेजवाल्याला यातूनच धागा सापडतो.

एक सावधगिरी. या गाडीचे इंजिन थांबलेले असले तरी गाडी बंद असतेच असे नाही. 'रेडी' दिवा लागलेला असेल तर ती आवाज न करता केव्हाही पुढे सरकू शकते, इंजिन केव्हाही आपोआप सुरू होऊ शकते. बॉनेट उघडण्याआधी तो दिवा मालवलेला आहे ना, ते पाहा आणि खिशातली किल्ली गाडीपासून लांब ठेवा.

मल्टिमीटर काय सांगतो?

पंपाच्या निमित्ताने पुष्कळ घरांत मल्टिमीटर आलेला आहे. नसेल तर साधा घेऊन ठेवावा. लहान बॅटरी कुठे आहे ते पुस्तिकेत पाहा. प्रायसच्या काही पिढ्यांत ती मागे डिकीत आहे आणि बॉनेटखाली तिच्यासाठी वेगळे टोक दिलेले आहे. हातातली अंगठी, कडे, धातूची बांगडी काढून ठेवा. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर १२ व्होल्टची बॅटरीही हात भाजते.

गाडी बंद करून थोडा वेळ गेला की मीटर डीसीवर ठेवून वाचा. १२.६ च्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. आता पुढचे दिवे लावा आणि आकड्याकडे पाहत राहा. थोडा उतरून स्थिर राहिला तर ठीक. घसरत घसरत ११ च्या खाली गेला, तर बॅटरी म्हातारी झाली आहे. दुरून धष्टपुष्ट दिसणारा बैल औताला जुंपल्यावर बसावा, तसे. मीटर लावतानाच टर्मिनल हलवून पाहा. सैल असेल, पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर तेवढे साफ करून आवळल्यानेही गाडी जागी होते.

बॅटरी उतरली असेल तर जम्पर केबलने दुसऱ्या बॅटरीचा आधार देता येतो. इथे एक सोय आहे. या लहान बॅटरीला इंजिन फिरवायचे नसते, फक्त संगणक आणि रिले जागे करायचे असतात. म्हणून थोडा आधारही पुरतो. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची बॅटरी चालते, मात्र ट्रॅक्टर बंद ठेवून. ट्रकची २४ व्होल्टची जोडी कधीही लावू नये. लाल वायर अधिक टोकाला, काळी वायर पुस्तिकेत दाखवलेल्या उघड्या धातूला. उलटी लागली तर फ्यूज उडतोच, पण कन्व्हर्टर आणि संगणकही जाऊ शकतात. मग काही हजारांचे दुखणे लाखावर जाते. आणि आपल्या हायब्रिड गाडीने दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला किंवा जीपला आधार देऊ नये. तिची लहान बॅटरी आणि कन्व्हर्टर इंजिन फिरवण्याच्या ओढीसाठी बनवलेले नाहीत.

गाडी 'रेडी' झाली की केबल काढा आणि मीटर पुन्हा लहान बॅटरीवर लावा. हे मोजमाप सर्वांत मोलाचे. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले तर कन्व्हर्टर काम करतो आहे आणि दोष लहान बॅटरीचा किंवा राहिलेल्या दिव्याचा. १२.४, १२.२, १२ असा आकडा उतरत गेला, तर बॅटरीला पोसणाराच आजारी आहे. अशा गाडीत नवी बॅटरी टाकली तर ती थोडा वेळ चालते आणि पुन्हा उतरते. मग लोक बॅटरीच्या दुकानदाराशी भांडतात. दोन मिनिटांच्या या मोजमापाने ते भांडण आणि बॅटरीचे पैसे, दोन्ही वाचतात.

लहान बॅटरी शाबूत, तरी गाडी उठेना

आता आपण विहिरीत उतरू लागलो. इथून पुढे डोळे आणि नाक वापरायचे, हात नाही.

उंदीर: मळ्यातल्या घरात गाडी बहुधा धान्याच्या पोत्यांशेजारी उभी असते. उंदराला गाडीची ऊब आवडते. बॉनेट उघडून पाहा. काड्या, चिंध्या, लेंड्या, कुरतडलेले प्लॅस्टिक दिसले तर तसे गॅरेजवाल्याला सांगा. संगणकाला जाणारी एक बारीक वायर तुटली तरी सगळी गाडी थांबते.

धूळ: मोठी बॅटरी काम करताना तापते. प्रायससारख्या गाडीत तिला गार ठेवायला पंखा असतो आणि तो मागच्या सीटशेजारच्या जाळीतून हवा ओढतो. आपण तिथे खताचे पोते टेकवतो, किंवा जाळीत कापसाचे तंतू, भुसा, कुत्र्याचे केस साचतात. हवा कोंडली की बॅटरी तापते, गाडी आधी जोर कमी करते आणि मग दिवा लावते. सोफ्यावरची धूळ झाडतो तशी ही जाळीही महिन्यातून एकदा झाडावी.

पाणी: इन्व्हर्टर म्हणजे मोठ्या बॅटरीची डीसी वीज मोटरला लागणाऱ्या एसीत बदलणारी पेटी. तीही तापते, आणि तिला गार ठेवायला इंजिनाहून वेगळे पाणी व वेगळा विजेचा पंप असतो. त्या पाण्याची टाकी बॉनेटखाली दिसते. खुणेच्या खाली पाणी गेले असेल तर ती खूण महत्त्वाची. दुसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये गाडी 'रेडी' असताना या टाकीत पाणी खळखळताना दिसते. ते निश्चल असेल तर पंपाचा संशय. चढावर, उन्हात गाडी थांबते आणि तासाभराने गार झाल्यावर आपोआप चालते, अशी तक्रार असेल तर इकडे आधी पाहावे.

ओल: ओढ्याच्या पुरातून गाडी काढली, किंवा अंगणात पाणी चढले, तर मोठ्या विजेचे आवरण ओले होऊन गळती सुरू होऊ शकते. गाडी ती गळती स्वतः ओळखते आणि पुढच्या वेळी 'रेडी' होत नाही. तो तिचा शहाणपणा आहे. तिला वारंवार बटण दाबून छळू नका.

नारिंगी वायर ही लक्ष्मणरेषा

आता सर्वांत महत्त्वाचे. पंपाचे काम करून आपल्या हाताला काही सवयी लागल्या आहेत. फ्यूजला जाड तार बांधणे, स्टार्टरला काडी लावून दाबून ठेवणे, टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वायर मेली असे समजणे. पंपावरही या सवयींनी माणसे गमावली आहेत. हायब्रिड गाडीत त्या थेट मृत्यूला आमंत्रण आहेत.

मोठ्या दाबाच्या सगळ्या केबली नारिंगी रंगाच्या असतात. त्यांत दोनशे व्होल्टच्या आसपास वीज असते आणि इन्व्हर्टरच्या पेटीत ती आणखी वाढवलेली असते. तिसऱ्या पिढीच्या प्रायसमध्ये ६५० व्होल्टपर्यंत. आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, एवढ्यावरून अंदाज करा.

टेस्टर इथे खोटे बोलतो, त्याचे कारण समजून घ्या. घरातली वीज जमिनीशी जोडलेली असते. म्हणून टेस्टर लावला की वीज आपल्या अंगातून जमिनीत जाते आणि दिवा लागतो. गाडीतली मोठी वीज गाडीच्या पत्र्याशी आणि जमिनीशी मुद्दाम जोडलेली नसते. एका टोकाला टेस्टर किंवा टेस्ट लॅम्प लावून दुसरे टोक पत्र्याला टेकवले, तर दिवा लागणार नाही. माणूस निर्धास्त होतो, दोन्ही टोकांना हात लावतो आणि मग सुटका नसते. शिवाय गाडी बंद केल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर काही वेळ वीज धरून ठेवतात. शिकलेला कारागीर मोठ्या बॅटरीचा प्लग काढतो, दहा मिनिटे थांबतो, रबरी हातमोजे तपासून घालतो आणि मीटरने दोन्ही टोकांत शून्य आल्याशिवाय काही उघडत नाही. नारिंगी वायर दिसली की आपण तिथेच थांबावे. गावच्या वायरमनलाही थांबवावे. तो कितीही हुशार असला तरी.

आणखी दोन मनाई. ही गाडी ढकलून सुरू होत नाही. आणि पुढची चाके जमिनीवर ठेवून ट्रॅक्टरने दोराने ओढू नये. चाके फिरली की त्यांना जोडलेली मोटर वीज तयार करते आणि बिघाड वाढतो. पुढची चाके उचलून, किंवा सगळी गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

कारखान्यातले दोष

दोष नेहमी मालकाचा किंवा उंदराचा असतो असेही नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोयोटाने जगभरातल्या सुमारे १९ लाख प्रायस गाड्या परत बोलावल्या. इन्व्हर्टरमधला विजेचा दाब वाढवणारा भाग चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीमुळे आतले ट्रान्झिस्टर फाजील तापत. दिवे लागत, गाडीचा जोर कमी होई आणि क्वचित ती चालता चालता थांबे. उपाय काय होता? संगणकातली आज्ञावली बदलणे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुमारे २४ लाख हायब्रिड गाड्या पुन्हा बोलावल्या. दोष आढळल्यावर जोर कमी करून चालत राहण्याऐवजी त्या काही प्रसंगी पुरत्याच थांबू शकत होत्या. त्याआधी महिनाभर, सप्टेंबर २०१८ मध्ये, सुमारे १० लाख गाड्यांत एक वायर झाकणाला घासून तिचे आवरण झिजते आणि त्यातून आग लागू शकते, असे आढळले होते.

या तिन्ही वेळी मोठी बॅटरी निर्दोष होती, हे पाहण्यासारखे आहे. आणि ही दुरुस्ती कंपनीने फुकट करून दिली. म्हणून कोणताही मोठा खर्च मान्य करण्याआधी आपल्या गाडीचा चासिस क्रमांक अधिकृत सेवाकेंद्रात देऊन विचारावे की, या गाडीसाठी कंपनीची एखादी दुरुस्ती बाकी आहे का?

गॅरेजात काय विचारावे?

स्टिअरिंगखालच्या खोबणीला स्कॅनर लावला की गाडी आपला दोष आकड्यांत सांगते. सगळे आकडे लिहून किंवा छापून घ्या आणि त्याआधी ते पुसू देऊ नका. 'पी०ए८०' म्हणजे मोठी बॅटरी बदलण्याची सूचना. 'पी०एए६' म्हणजे मोठ्या विजेची गळती. 'पी०ए९३' म्हणजे इन्व्हर्टर गार होत नाही. 'यू' अक्षराने सुरू होणारे आकडे म्हणजे संगणकांचे एकमेकांशी बोलणे तुटले.

पण आकडा म्हणजे निकाल नव्हे. लहान बॅटरीचा दाब पडला की सगळे संगणक गोंधळतात आणि नसलेले दोषही नोंदवतात. म्हणून लहान बॅटरी धड करून, आकडे पुसून, गाडी चालवून पुन्हा कोणते येतात ते पाहायला सांगा. जो पुन्हा येतो तो खरा.

'पी०ए८०' पुन्हा आला, तरी पुढचा प्रश्न विचारा: "मोठ्या बॅटरीच्या प्रत्येक भागाचा व्होल्टेज दाखवा." दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रायसची बॅटरी २८ खणांची आहे आणि गाडीचा संगणक दोन-दोन खणांची जोडी धरून १४ ठिकाणी दाब मोजतो. चढावर जोर लावताना तेरा जोड्या सारख्या आणि एकच खाली पडत असेल, तर तिथे दोष. एकच खण बदलून काम भागते असे काही जण सांगतात. गाडी चालते खरी, पण जुन्या बैलाशेजारी नवा जुंपला की औत फार दिवस सरळ चालत नाही, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा. आणि हमीपत्र अवश्य वाचा. टोयोटा आणि मारुती यांनी आपल्याकडे मोठ्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांतले जे आधी होईल तोवर हमी दिलेली आहे. बाहेर कोणी वायर कापून जोडली तर त्या हमीवर पाणी पडते.

घरच्या घरी जपणूक

गाडी आठवड्यातून एकदा तरी चालवा. काही महिने उभी राहणार असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी अर्धा तास फिरवून आणा. मोठी बॅटरी पुरती उतरली तर ती भरायला खास चार्जर लागतो आणि तो तालुक्याला मिळत नाही. रेल्वेच्या फाटकावर थांबलात तर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवू नका, 'पी'वर ठेवा. न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी भरत नाही. लहान बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. तिची तारीख बॅटरीवर रंगाने लिहून ठेवा आणि चौथ्या वर्षी पावसाळ्याआधी तपासून घ्या. बॉनेट आठवड्याला एकदा उघडा, म्हणजे उंदराला बिऱ्हाड करायला फावणार नाही.

हे पान कापून गाडीच्या खणात, पुस्तिकेशेजारी ठेवा. आणि खाली दिलेला क्रम घरातल्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला, लेकीसुनांनाही, एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

१. गाडी बाजूला, चाकाला दगड, माणसे लांब.
२. फळ्याचा फोटो.
३. पेट्रोल आहे का? किल्लीचा सेल आहे का?
४. टर्मिनल घट्ट आणि स्वच्छ आहे का?
५. बंद गाडीत लहान बॅटरी किती व्होल्ट? 'रेडी' असताना किती?
६. जाळी, इन्व्हर्टरचे पाणी, उंदराच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी.
७. नारिंगी वायर दिसली की थांबा.
८. आकडे लिहून घेतल्याशिवाय आणि हमीपत्र वाचल्याशिवाय मोठ्या बॅटरीचा सौदा नाही.

पहिल्या पाच पायऱ्यांना एक मल्टिमीटर आणि अर्धा तास लागतो. तेवढ्यात उलगडा झाला तर लाखाचा घोर हजारांत मिटतो. नाही झाला, तरी आपण गॅरेजात जातो ते आकडे हातात घेऊन जातो. आणि हातात आकडे असलेल्या गिऱ्हाइकाशी कोणीही जपूनच बोलतो.